खालून दगड लागलेल्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी सुरक्षित आहे हे कसं ठरवायचं?

तुम्ही सांगितलेली हकिकत अशी: ताम्हिणी घाटात रस्त्यावर पडलेला दगड गाडीखाली आला, मोठा आवाज झाला, पण गाडी घरापर्यंत व्यवस्थित आली. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, रेंज पहिल्यासारखीच, चार्जिंगही होतंय. जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा बॅटरीखालच्या पत्र्याला तळहाताएवढा पोचा दिसला आणि 'ठोकून सरळ करून देतो' असं तो म्हणाला. गाडी सध्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी आहे, आणि ती वापरायला हरकत आहे का, असं तुम्ही विचारलंय.

सविस्तर सांगण्याआधी, आजच काय करायचं ते सांगतो. चार्जिंग थांबवा. पत्रा ठोकू देऊ नका. गाडीजवळ जाऊन शांतपणे वास आणि कानोसा घ्या. थिनरसारखा किंवा गोडसर रासायनिक वास, फुसफुस, टकटक, खालून पांढरी वाफ यातलं काहीही जाणवलं तर गाडीला हात न लावता लोकांना बेसमेंटमधून बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. यातलं काहीच नसेल तर गाडी सावकाश बाहेर काढून मोकळ्या जागेत उभी करा. अमेरिकेत अशा गाड्या इमारती आणि इतर वाहनांपासून ५० फूट, म्हणजे साधारण १५ मीटर दूर ठेवायला सांगतात. पुण्यात एवढी जागा सहज मिळत नाही हे मला माहीत आहे. तरीही बेसमेंटपेक्षा रिकामा प्लॉट किंवा सर्व्हिस सेंटरचं उघडं आवार कधीही बरं. वर इमारत नको, शेजारी ट्रान्सफॉर्मर नको.

आता मूळ मुद्दा. गाडी चालते का, हा तुमचा खरा प्रश्न नाही. पॅकच्या, म्हणजे गाडीखालच्या मोठ्या बॅटरीच्या आत एखादा सेल (ज्या छोट्या बॅटऱ्या जोडून पॅक बनतो त्यातली एक) दुखावला आहे का आणि तो हळूहळू बिघडतोय का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर डॅशबोर्डवर मिळत नाही. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स, सेलच्या गटांचं व्होल्टेज, पॅकमधून जाणारा करंट, ठरावीक जागांचं तापमान आणि इन्सुलेशन (पॅकची वीज गाडीच्या बॉडीत उतरत नाहीये ना) मोजते. पत्रा किती आत गेला हे मोजणारा सेन्सर तिच्याकडे नसतो. तापमानाचे सेन्सरही प्रत्येक सेलवर नसतात, मॉड्यूलमागे, म्हणजे एकत्र बांधलेल्या सेलच्या जुडग्यामागे, मोजकेच असतात. २०२२ साली स्कूटरना लागलेल्या आगींनंतर आपल्याकडे एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ या इलेक्ट्रिक वाहनांच्या सुरक्षा मानकांत दुरुस्त्या झाल्या आणि त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यानंतरच्या गाड्यांत पॅकमधली उष्णता पसरू लागली तर इशारा मिळायला हवा. पण तो इशारा माणसांना उतरून दूर जाता यावं म्हणून आहे. पोचा पडल्यापासून आग लागेपर्यंत मधे काय चाललंय, ते तो सांगत नाही.

मधे काय चालू शकतं? लिथियम सेलमध्ये धन आणि ऋण थरांच्या मधे सेपरेटर नावाचा प्लास्टिकचा पडदा असतो, साधारण २० मायक्रॉन जाडीचा. केसापेक्षाही पातळ. सेल बाहेरून दाबला गेला की हा पडदा ताणला जातो, कुठे पातळ होतो, कुठे फाटतो. मोठा फाटला तर जे व्हायचं ते तिथेच, घाटात झालं असतं. नुसता दुखावला असेल तर त्या जागी अगदी बारीक शॉर्ट राहतो. सेल आतल्या आत स्वतःला थोडा थोडा रिकामा करत राहतो आणि प्रत्येक चार्जिंगला, प्रत्येक खड्ड्याला त्या जागेवर नवा ताण येतो. तो शॉर्ट तसाच राहील, मिटेल की वाढेल, हे पहिल्या दिवशी कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून मी अशा गाडीचं एका दिवसात सर्टिफिकेट देत नाही. एक रीडिंग म्हणजे तपासणी नव्हे. तीच रीडिंग काही दिवस घेऊन त्यात काय बदललं हे पाहणं म्हणजे तपासणी.

याचा सगळ्यात बोलका दाखला २०११ चा आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने मे महिन्यात शेव्हरोले व्होल्ट ही गाडी बाजूने खांबावर आदळवून चाचणी घेतली. चाचणीत बॅटरीला इजा झाली आणि कूलंट, म्हणजे बॅटरी थंड ठेवणारा द्रव, गळलं, पण गाडीने लगेच काही दाखवलं नाही. ती आवारात नेऊन ठेवली. सुमारे तीन आठवड्यांनी ती तिथेच उभ्या-उभ्या पेटली आणि शेजारच्या गाड्यांनाही घेऊन गेली. पुढे कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला आणि कूलंटची पातळी पाहणारा सेन्सर बसवला. मला यातले दोन धडे कायम उपयोगी पडतात. एक, तीन आठवड्यांचा तो काळ. दुसरा, कूलंट.

कूलंटचं महत्त्व तुमच्या बाबतीत जास्त आहे. द्रवाने थंड होणाऱ्या बऱ्याच पॅकमध्ये सेलच्या खाली ॲल्युमिनियमची कूलिंग प्लेट असते आणि तिच्याखाली बाहेरचा पत्रा. दगड खालून आला की पत्र्यानंतर पहिला मार या प्लेटला. तिला बारीक चीर गेली तर कूलंट पॅकच्या आत झिरपतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. त्यामुळे बोनेटखालच्या कूलंटच्या टाकीवर आजच मार्करने पातळीची खूण करा, मोबाइलवर फोटो काढा आणि रोज त्याच वेळी, गाडी थंड असताना पाहा. पातळी उतरत असेल आणि खाली डाग नसेल तर मला ती नुसत्या पोच्यापेक्षा जास्त वाईट बातमी वाटते. काही गाड्यांत बॅटरी हवेने थंड होते, त्यांना ही पायरी लागू नाही.

ठोकून सरळ करायला मी इतक्या ठामपणे नको का म्हणतोय, तेही यातून लक्षात येईल. दरवाज्याचा पोचा काढताना पलीकडे मोकळी जागा असते. इथे पत्र्याच्या वर काही मिलिमीटरवर प्लेट आणि सेल आहेत. ठोकण्याचे हादरे थेट त्यांना बसतात. पत्र्यावर वेल्डिंगने खिळा जोडून ओढायचं म्हटलं तर उष्णता आणि करंट दोन्ही आत जातात. शिवाय पत्रा सरळ झाला की मार किती खोल होता याचा पुरावा जातो, आणि पुढे इन्शुरन्सच्या सर्व्हेअरलाही तो हवा असतो. गॅरेजवाला वाईट हेतूने म्हणाला असेल असं नाही. त्याचा हात पत्र्यावर बसलेला आहे, पण पॅकच्या आत काय आहे हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आता तपासणीचा क्रम. हे तुम्ही स्वतः करावं म्हणून सांगत नाही. ज्याच्याकडे गाडी द्याल तो हे करतोय का, ते तुम्हाला ओळखता यावं म्हणून सांगतोय.

नाक, कान आणि डोळे झाले की मी थर्मल कॅमेरा घेतो. त्यात एक मेख आहे. उघडं, चकचकीत ॲल्युमिनियम कॅमेऱ्याला फसवतं, ते आजूबाजूची उष्णता परावर्तित करतं आणि स्वतःचं तापमान खरं दाखवत नाही. म्हणून पत्र्यावर ठरलेल्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवायचे आणि रोज त्याच तुकड्यांचं तापमान घ्यायचं, शक्यतो पहाटे, उन्हाचा परिणाम नसताना. पोच्याजवळचा तुकडा इतरांपेक्षा सतत गरम येत असेल तर मी पुढचं काम थांबवतो आणि गाडी आणखी दूर नेतो. मात्र थंड आला म्हणून निर्धास्त होत नाही, कारण पत्रा आणि सेल यांच्यामध्ये बऱ्याचदा फोम किंवा उष्णता अडवणारा थर असतो.

त्यानंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र. तो १२ व्होल्टची छोटी बॅटरी काढण्याआधी लावायचा, नाहीतर बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमच बोलणार नाही. गाडी 'रेडी'मध्ये (चालवायच्या तयारीत) न नेता नुसतं इग्निशन चालू ठेवलं तर बहुतेक गाड्यांत पॅकचे मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे पॅक गाडीला जोडणारे मोठे स्विच, तुटलेलेच (उघडे) राहतात आणि तरी सेलचं व्होल्टेज वाचता येतं. साठवलेले एरर कोड, प्रत्येक गटाचं व्होल्टेज, तापमानं, इन्सुलेशनचा आकडा हे सगळं लिहून घ्यायचं. कोड पुसायचे नाहीत. काही ठिकाणी आधी कोड पुसून मग 'आता परत येतो का बघू' असं करतात. अपघाताच्या गाडीत ही सवय घातक आहे.

व्होल्टेज वाचताना रसायन कोणतं आहे हे माहीत हवं, आणि इथे तुमच्या गाडीचं मॉडेल कळल्याशिवाय मी नेमकं बोलू शकत नाही. कोना इलेक्ट्रिकसारख्या गाडीत निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल आहेत. त्यांचं व्होल्टेज चार्जप्रमाणे बऱ्यापैकी उतरत जातं, त्यामुळे एखादा गट मागे पडला तर लवकर दिसतो. नेक्सॉन ईव्ही किंवा बीवायडी ॲटो ३ मध्ये एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. एलएफपीचं व्होल्टेज साधारण २० ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यात ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट असतं. एखाद्या गटाने बरेच टक्के चार्ज गमावला तरी तो इतरांसारखाच दिसतो. त्यामुळे एलएफपीच्या गाडीत ५०-६० टक्क्यांवर 'सगळे सेल सारखे आहेत' हा रिपोर्ट तुमच्या हातात पडला, तर त्यावर फार विसंबू नका. अशा वेळी मी मिलिव्होल्टपर्यंतचे आकडे वहीत उतरवतो, गाडी उभीच ठेवतो, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी त्याच गटांचे आकडे शेजारी मांडतो. सगळे गट मिळून थोडे उतरले तर ते स्वाभाविक आहे. एकटाच गट रोज खाली जात असेल तर तो स्वतःला आतून रिकामा करतोय. मग वर्कशॉप मॅन्युअलमधल्या नकाशावर त्या गटाची जागा पाहायची. ती पोच्याच्या नेमकी वर निघाली तर माझ्यासाठी निर्णय झाला. तो पॅक रस्त्यावर जात नाही.

इन्सुलेशनबद्दलही आकडा समजून घ्या. नियमाप्रमाणे डीसी बाजूला प्रत्येक व्होल्टमागे किमान १०० ओहम, आणि एसी-डीसी जोडलेल्या व्यवस्थेत ५०० ओहम हवेत. ३२० व्होल्टच्या पॅकला ५०० च्या हिशोबाने १६० किलोओहम होतात. चांगल्या गाडीत हा आकडा बऱ्याचदा मेगाओहममध्ये असतो. म्हणजे ४०० किलोओहम आले तर गाडी नियमात पास आहे आणि दिवाही लागणार नाही. पण ती पूर्वी मेगाओहममध्ये असेल तर आत ओल किंवा कूलंट शिरलंय का, हे शोधावंच लागेल. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं यंत्र) लावायचा तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या व्होल्टेजलाच आणि दिलेल्या ठिकाणीच. भरमसाट व्होल्टेज सोडून आतली इलेक्ट्रॉनिक्स मारलेली मी पाहिली आहेत.

यानंतरच १२ व्होल्टची निगेटिव्ह काढायची, सर्व्हिस प्लग (पॅकची वीज गाडीपासून तोडणारा खटका) असेल तर तो काढून स्वतःच्या खिशात किंवा कुलपात ठेवायचा, आणि कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबायचं. बहुतेक ठिकाणी ती ५ ते १० असतात. तेवढ्यात इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे होतात. मग मीटर आधी चालू असलेल्या स्रोतावर तपासायचा, मग गाडीवर शून्य पाहायचं, मग परत चालू स्रोतावर तपासायचा. मीटरच बंद पडून शून्य दाखवत नाहीये ना, याची खात्री अशीच होते. हातात १००० व्होल्टचे क्लास ० रबरी हातमोजे, त्यावर चामड्याचे, आणि घालण्याआधी हवा भरून छिद्र पाहायचं. अंगठी, कडं, साखळी बाजूला. आणि दुसरा माणूस हजर हवाच. एकट्या पोराला नारिंगी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या केबलवर काम करायला लावणारं वर्कशॉप कितीही मोठ्या पाटीचं असलं तरी तिथे गाडी देऊ नका.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो मेकॅनिक लोकांतही आहे. सर्व्हिस प्लग काढला म्हणजे गाडीच्या केबल मेल्या, पॅक नाही. सेलमधली ऊर्जा जशीच्या तशी आत आहे, तिला बंद करायचं बटण नसतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० साली अग्निशमन दलांसाठी जो अहवाल दिला, त्यात अपघातानंतर आत अडकून राहणारी ही ऊर्जा हाच मुख्य मुद्दा होता.

पोच्याचं मोजमाप त्यानंतर. सरळ पट्टी आडवी धरून खोली मोजायची, कडेला चीर किंवा फाटलेलं सील आहे का पाहायचं, बोल्टच्या जागा सरकल्यात का पाहायचं. किती मिलिमीटर चालतं? हे कंपनी-कंपनीनुसार वेगळं आहे. काही मॅन्युअल थोड्या पोच्याला परवानगी देतात, काही अजिबात देत नाहीत. कुणी मनानेच 'इतकं चालतं' म्हणत असेल तर मॅन्युअलचं पान दाखवायला सांगा. खालचा पत्रा नुसतं वेगळं काढता येणारं संरक्षक कवच असेल, तर ते काढल्यावर पॅकचं खरं तळ स्वच्छ निघण्याचीही शक्यता आहे. तसं झालं तर तुमचं काम स्वस्तात आणि समाधानाने होईल. तळालाच मार असेल तर पॅकमध्ये हवेचा दाब देऊन गळतीची चाचणी करून घ्या. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण तो दर्जा धडधाकट कवचाचा आहे. पोचा पडलेल्या पॅकला तो आपोआप लागू राहत नाही, आणि आपला पावसाळा तर रस्त्यावरच त्याची परीक्षा घेतो.

पाण्याचा विषय निघाला म्हणून कोकण आणि मुंबईच्या वाचकांसाठी एवढंच: खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त घातक. ते वीज वाहून नेतं आणि सुकल्यावर मागे मीठ ठेवतं. २०१२ मध्ये सँडी वादळाच्या भरतीत न्यू जर्सीच्या बंदरावर उभ्या असलेल्या १६ फिस्कर कर्मा जळाल्या. २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडात पाणी ओसरल्यावर गाड्या पेटत राहिल्या. भरतीचं किंवा खाडीचं पाणी पॅकपर्यंत चढलेली गाडी सुरू करून पाहूच नये, दोरीने ओढूही नये. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. फ्लॅटबेडवरच न्यावी. हा फ्लॅटबेडचा नियम तुमच्या गाडीलाही लागू, सर्व्हिस सेंटर लांब असेल तर.

'एलएफपी आहे, ती पेटत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ती तापून बेकाबू व्हायला जास्त तापमान लागतं आणि ती तुलनेने शांत आहे, हे खरं. पण बेकाबू झाली तर तिच्यातून निघणाऱ्या वायूत हायड्रोजनचं प्रमाण मोठं असतं. उघड्यावर तो पसरून जातो. बेसमेंटमध्ये साठतो आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडही असतात, म्हणून फुप्फुसांच्या दृष्टीनेही 'पांढरी वाफच तर आहे' म्हणून जवळ जाऊ नये. पावडरचा सिलिंडर वरची ज्वाला दाबेल, सेल थंड करणार नाही. त्याला भरपूर आणि बराच वेळ पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं.

तुमच्या जागी मी असतो तर आज गाडी बाहेर काढून उद्या कंपनीच्या अधिकृत केंद्रात फ्लॅटबेडने पाठवली असती. पहिल्या दिवसाची सेलची पूर्ण यादी आणि इन्सुलेशनचा आकडा छापून मागितला असता. पॅक उघडून आतून पाहणार असतील तर निर्णय लवकर होईल. उघडणार नसतील तर तीन आठवडे गाडी उभी ठेवून रीडिंग घ्यायला सांगितलं असतं. तीन आठवडे गाडीविना काढणं जड जातं, कामाधंद्याची गाडी असेल तर फारच. तरी ज्या गाडीत घरातली माणसं बसणार आणि जिच्या वर शेजारपाजारचे लोक झोपणार, तिच्यासाठी मी याहून कमी सुचवू शकत नाही.

इन्शुरन्सचं काम समांतर सुरू करा. सर्व्हेअर येईपर्यंत काहीही सरळ करू नका. पोच्याचे पट्टी धरून काढलेले फोटो, स्कॅनरचे कागद, कूलंटच्या टाकीचे फोटो तारखेसह द्या. 'गाडी चालते म्हणून बॅटरीचा क्लेम बसत नाही' असं कुणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. बाकी बॉडीचं काम निघालं आणि गाडी रंगवून गरम बूथमध्ये जाणार असेल, तर पॅकवर मार आहे हे पेंटरच्या जॉबकार्डवर लिहून घ्या.

आणि मॉड्यूल किंवा पूर्ण पॅक बदलायची वेळ आली तर जुना भाग कुठे जातो हे विचारा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. दुखावलेली मॉड्यूल भंगारात विकली जातात, तिथून ती सोलरच्या बॅटरीत किंवा रिक्षात बसवली जातात, आणि विकत घेणाऱ्याला तिचा इतिहास माहीत नसतो. म्हणून परत घेतल्याची पावती घ्या, आणि तिच्यावर पॅकचा नंबर आणि 'अपघातात मार लागलेला' एवढं लिहून घ्या.

गाडीचं मॉडेल, पोच्याची खोली आणि पहिल्या दिवसाचे सेलचे आकडे मिळाले की इथेच टाका. मी बघून सांगतो.